चंपाबाईचा पिवळा गहू

खुलताबादच्या डोंगराआड चंपाबाईचं दोन एकर रान आहे. मूळचं गायरान. तिच्या नवऱ्यानं, कडुबानं, मोर्चे काढून, तहसीलच्या पायऱ्या झिजवून ते नावावर करून घेतलं आणि दोघांनी मिळून त्यातले दगड वेचले. कडुबा गेला, तेव्हा मुलगा अभय वाळूजच्या कंपनीत लागला होता. तो आईला शहरात बोलवायचा. "रान कोण बघंल?" म्हणून ती मागंच राहिली. थंडीत घरचा गहू करायचा, बाकी दिवस रानाच्या खालच्या अंगाला असलेल्या आप्पासाहेबांच्या शेतात निंदणी-सोंगणीला जायचं.

एका थंडीत तिच्या गव्हात मधेच पिवळे पट्टे पडले. रोपं वीतभर होऊन थांबली, पानांवर फिकट रेघा उठल्या. तिनं युरिया टाकला, पाणी वाढवलं. काही उपयोग झाला नाही. पुढच्या वर्षी ते पट्टे थेट बांधापर्यंत गेले.

अभयनं कृषी महाविद्यालयातल्या मोनिकाताईंना आणलं. त्यांनी रोपं मुळासकट उपटून नेली, तपासली आणि पुन्हा येऊन बांधावर बसल्या.

"मावशी, तुमच्या मातीत एक परजीवी आहे. डोळ्याला दिसत नाही. तो गव्हाच्या मुळात शिरतो आणि त्याच्या पोटातला विषाणू पिकात सोडतो."

"मंग औषध सांगा की."

"औषध नाही. पीक नसलं तरी तो मातीत वर्षानुवर्षं पडून राहतो. गहू, ज्वारी, बाजरी इथं नकोच आता. आणि इथली माती बाहेर जाऊ देऊ नका. ट्रॅक्टर धुवून पाठवा. पावसाचं पाणीसुद्धा बाहेर वाहू देऊ नका."

पावसाचं पाणी आप्पासाहेबांच्या रानात उतरत होतं. चंपाबाई त्याच संध्याकाळी त्यांच्या दारात गेली आणि सगळं सांगून आली. तिनं सांगितलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं.

आप्पासाहेबांनी दुसऱ्या दिवशी चर खोदून पाणी वळवलं. ते बरोबरच होतं. पण गहू कापायला आला आणि सोंगणीला बायका निघाल्या, तेव्हा त्यांनी चंपाबाईला बांधावरच अडवलं.

"तू येऊ नको. तुझ्या पायाला ती माती असती."

"पाय धुऊन येते की, आप्पासाहेब. तुमच्या हिरीवर धुते."

"हिरीवर नको."

बायका खाली बघत उभ्या राहिल्या. चंपाबाईचा आवाज चढला नाही.

"माझ्या सासऱ्याला बी तुमच्या वडलांनी हिरीवर येऊ दिलं नव्हतं. तवा त्याच्या पायाला काय होतं?"

आप्पासाहेबांनी बायकांना आत जायची खूण केली. बायका आत गेल्या. ती घरी आली आणि दिवसभर पायऱ्यांवर बसून राहिली.

मग गावभर झालं. ट्रॅक्टरवाल्या गोकुळनं ट्रॅक्टर तिच्या रानात घालायला नकार दिला. इतकी वर्षं त्याचाच रोटाव्हेटर तिच्याकडून निघून न धुता आप्पासाहेबांच्या रानात जायचा, हे कुणी काढलं नाही. निंदणीलाही तिला कुणी बोलावेना. अभय म्हणाला, "आई, टाक पडीक. चल माझ्याकडं." "पडीक टाकून कुणाच्या घशात घालू?" ती म्हणाली. तिनं कुदळीनं माती उकरून तूर पेरली. निम्मी उगवली. गहू दुकानातून आणायला लागला.

पुढच्या थंडीत आप्पासाहेबांच्या हिरव्यागार गव्हात, चरापासून लांब, ट्रॅक्टर आत शिरतो त्या तोंडाला पहिला पिवळा पट्टा दिसला. गावात लोक कुजबुजले, की हे चंपाबाईच्याच रानातनं आलं. तिला ते ऐकू आलं. खरंही असेल. ती कुणाशी भांडली नाही, पण आनंदही झाला नाही तिला. उभं पीक पिवळं पडताना तिनं स्वतः बघितलं होतं.

एका सकाळी आप्पासाहेब तिच्या अंगणाच्या कडेला येऊन उभे राहिले. हातात उपटलेलं रोप होतं.

"चंपाबाई, त्या कॉलेजच्या बाईचा नंबर हाये का तुझ्याकडं?"

तिनं आतून मोबाइल आणला आणि त्यांना नंबर दाखवला. त्यांनी तो उतरवून घेतला.

"कायीच औषध नाय म्हणतात ना?"

"नाय."

ते रोप हातात धरून अंगणाच्या कडेलाच उभे राहिले. ती त्यांना बसा म्हणाली नाही.