पोरीचं होमसिक

शाळा मी चौथीपर्यंतच शिकलो. पण इंग्रजी मला येत होतं, आणि हे मी कोणापुढेही सांगतो. नागभीडच्या छोट्या लाइनवर मी गँगमन होतो. रूळ, स्लीपर, खडी, यातच हयात गेली. रेल्वेत चांगल्या गोष्टींना इंग्रजी शब्द कमी, वाईट गोष्टींना मात्र भरपूर. इंजिन बंद पडलं की फेल. गाडी रुळावरून उतरली की डिरेल. पूल कच्चा असला की कॉशन. माणूस आजारी पडला की सिक, आणि मालाचा डबा बिघडला तरी सिकच. त्याच्यावर खडूनं तसं लिहीत, गाडीपासून तोडत आणि बाजूच्या लाइनवर एकटा उभा करून ठेवत.

आमचे स्टेशनमास्तर मालडब्याला शुद्ध मराठीत वाघीण म्हणत. एकदा जेवताना मी घरी बोललो, "आज एक वाघीण सिक झाली."

बायकोचा हात ताटातच थांबला. "अगं माय! टेशनात शिरली का? मंग तिले औषध कोनं देल्लं?"

गँगवाले महिनाभर हसले. बायकोला राग आला नाही. उलट तिला माझ्या इंग्रजीचा अभिमान होता. वस्तीत कोणाकडे इंग्रजी कागद आला की म्हणे, "आमच्या घरी आना, हे वाचतेत."

ऐंशी सालानंतरची गोष्ट आहे. आमची मोठी पोरगी चांद्याला नर्सच्या ट्रेनिंगला लागली. वस्तीतली पहिलीच. विहारात पेढे वाटले. मी तिची ट्रंक डोक्यावर घेऊन होस्टेलला सोडून आलो. तिथल्या बाबूनं तेव्हाच बजावलं होतं, की पोरीला मध्येच घरी नेलं तर जागा दुसरीला जाईल.

वीस-बावीस दिवसांनी तिचं पहिलं पत्र आलं. मी ओट्यावर बसून मोठ्यानं वाचलं. जेवण बरं आहे, पाणी बरं आहे, शिकवतात चांगलं. आणि शेवटी लिहिलं होतं, "मला थोडं होमसिक झालं आहे. बाकी ठीक."

बायको म्हणाली, "हे काय झालं तिले?"

मी चष्मा पुसला. "सिक म्हणजे बिमार."

"अन् होम?"

"होम म्हणजे सिग्नल. टेशनाच्या बाहेर राह्यते तो. त्याचा हात खाली पडल्याबिगर गाडीले आत घेत नाई. बाहेरच उभी राह्यते."

"म्हणजे पोरीले बाहेर उभी ठेवून राह्यले का जी? अन् उभ्या उभ्या बिमार पडली?"

मला स्वतःलाही ते नीट जुळत नव्हतं. पण दोन्ही शब्द मला पक्के माहीत होते, मग अर्थ चुकेल कसा? शेजारी शाळेचे गुरुजी राहत. बायको म्हणाली, "त्याइले एकदा दाखवा." मी म्हटलं, "रेल्वेचं इंग्रजी गुरुजीले काय समजते?" आणि पत्र खिशात घातलं.

तिनं रडत रडत लाखोळीच्या डाळीचे वडे तळले. डबा हातात देताना म्हणाली, "तिले घेऊनच या. नर्स नाई झाली त चालते. मले पोरगी पायजे."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून सकाळच्या गाडीत बसलो. छोटी लाइन, गाडी आपल्या चालीनं जाणार. प्रत्येक स्टेशनाबाहेर ती होमला थांबली की मी पत्र काढून पुन्हा वाचायचो.

होस्टेलच्या मेट्रनबाई आमच्या भागातल्या नव्हत्या, बोलणं पुस्तकासारखं. मी म्हटलं, "माझी पोरगी सिक आहे. न्यायले आलो."

"कोण म्हणालं? सकाळीच वॉर्डात ड्यूटी करून आली ती."

मी पत्र पुढे केलं. बाईंनी वाचलं आणि हसल्या. "अहो बाबा, होमसिक! पहिल्या महिन्यात सगळ्याच मुली होतात."

"सगळ्याच? मंग तुमचा डॉक्टर काय करून राह्यला?"

त्या एवढ्या हसल्या, की त्यांना खुर्ची धरावी लागली. मला ते आवडलं नाही. मी उभाच राहिलो. म्हटलं, आधी पोरगी दाखवा.

पोरगी आली. अंगावर नवा पांढरा ड्रेस, चेहरा थोडा उतरलेला, पण दोन्ही पायांवर धड उभी. मी तिच्या कपाळाला हात लावला. गार होतं.

"कुठी दुखते, बाई?"

"कुठीच नाई, बाबा."

"मंग सिक काऊन लिवलं?"

तिनं मेट्रनबाईंकडे पाहिलं. बाई समजदार, आत निघून गेल्या. मग ती हळू म्हणाली, "घरची आठवण येते ना, त्याले म्हणतेत होमसिक."

"त्याले आपण करमत नाई म्हणतो. एवढं शिकून तुले ते लिवता येत नाई?"

"येते. पण करमत नाई असं लिवलं असतं, त आई पहिल्या गाडीनं आली असती. चाल म्हणली असती. अन् मी गेलीबी असती, बाबा."

आता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. पण बोलायची थांबली नाही. "वॉर्डात आमाले सांगतेत, पेशंटच्या लोकाइले मेला म्हणाचं नाई, एक्स्पायर म्हणाचं. आता जगत नाई असं म्हणाचं नाई, सिरियस म्हणाचं. इंग्रजी आयकलं की मानूस एकदम नाई रडत. त्याले समजाले थोडा येळ लागते. मले वाटलं, आईलेबी थोडा येळ लागन. तोवर माह्यं मन लागन."

एका वर्षी माझ्या पायावर स्लीपर पडला आणि दोन बोटं गेली, तेव्हा मीही दवाखान्यातून घरी निरोप धाडला होता, "थोडी इंजुरी आहे." बायको दोन दिवस निवांत होती. तिसऱ्या दिवशी पाय पाहिला तेव्हा ओरडली. तेवढे दोन दिवस तिला मिळाले, म्हणून मी स्वतःला हुशार समजत होतो.

तरी बायकोचा हुकूम होता. म्हटलं, "चाल मंग. ट्रंक भर."

तिनं ओढणीनं तोंड पुसलं. "नाई येत."

"आई वाट पायते."

"मालूम आहे. पण आता आली त मी पुन्हा इथी येनार नाई. मले माह्यं मालूम आहे."

माझ्याशी असं उलटून बोलायची घरात कोणाची हिंमत नव्हती. मी डबा तिच्या हातात दिला. तिनं उभ्या उभ्या दोन वडे खाल्ले, बाकीचे पोरींना वाटायला नेले. मी एकटा गाडीत बसलो.

बायको फाटकाशीच होती. "कुठी आहे पोरगी?"

"तिथीच."

"लय बिमार आहे का?"

माझ्याकडे इंग्रजी शब्द कमी नव्हते. एखादा टाकला असता. पण म्हटलं, "बिमार नाई. तिले करमत नाई."

ती तिथंच खाली बसली. मग म्हणाली, "अन् तुमचा तो सिग्नल?"

"तोबी आहे त्याच्यात." मी हटलो नाही. आजही म्हणतो, घराच्या बाहेर अडकून पडल्यालाच होमसिक म्हणतात. मी फार चुकलो नव्हतो.

पोरीला आणलं नाही म्हणून दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. भाकर ताटात टाके आणि तोंड फिरवे. तिसऱ्या दिवशी आपणच म्हणाली, "मले होमसिक झालं."

"तू त घरातच आहेस वो. घरी राहून ते होत नाई."

"काऊन नाई होत? अर्धं घर चांद्याले आहे."



रविवारी आम्ही दोघं गेलो. होस्टेलच्या वऱ्हांड्यात बसून तिनं पोरीच्या डोक्याला तेल लावलं, केस विंचरले, घट्ट वेणी घातली. ते पाहून बाकीच्या पोरीही पाठ करून ओळीनं बसल्या. तिनं पाच जणींच्या वेण्या घातल्या. एक तर पार सिरोंच्याकडची, तेलुगू बोलणारी. तिला हिचं काही समजत नव्हतं, हिला तिचं नाही, तरी दोघींचं चाललं होतं. मी जिन्याजवळ बसून वाट पाहत होतो, की बायको आता ट्रंकेचं नाव काढेल. गाडीची वेळ झाली. तिनं हाताचं तेल आपल्याच केसांना पुसलं आणि पोरीला म्हणाली, "पुढच्या रविवारी येताना मी घरची फनी आनीन. इथली लय बारीक दाताची आहे."