दिलावर आणि सव्वा किलोचा तंबू

दिलावरच्या मरणाची बातमी मला याआधी तीनदा आली होती आणि तिन्ही वेळा ती त्यानंच दिली होती. एकदा लिव्याच्या वाळवंटात गाडी रुतली तेव्हा, एकदा दाढ काढताना, आणि एकदा बायकोनं त्याचा फोन तपासायला घेतला तेव्हा. "पुणेकर, मी गेलो, माझ्या वाटची बिर्याणी तुम्ही खा!" त्यामुळे दीड महिन्यापूर्वी रुवैसहून, कामावरून घरी येताना कंपनीच्या बसमध्ये त्याच्या बायकोचा, नसीमाभाभींचा फोन आला आणि त्या म्हणाल्या, "भावजी, दिलावर गेले," तेव्हा मी हसत विचारलं, "आता कुठं रुतलाय?" ते वाक्य मला अजून परत गिळता आलेलं नाही.

दिलावर दापोलीकडचा. इथं आखातात, मुसफ्फातल्या एका दुकानात तो शिकारीचं आणि कॅम्पिंगचं सामान विकायचा. दुकानाचा मालक, म्हणजे आमच्या भाषेत अरबाब, दर हिवाळ्यात परवाने काढून परदेशी शिकारीला जायचा आणि तळ सांभाळायला दिलावरला न्यायचा. दिलावरनं आयुष्यात बंदुकीला हात लावला नाही. बार उडाला की हा कानात बोटं घालून स्वयंपाकाच्या तंबूत शिरायचा. पण तंबूतलं त्याला जेवढं कळायचं तेवढं तंबू शिवणाऱ्यालाही कळत नसेल. ज्यात आपण झोपलो नाही तो तंबू गिऱ्हाइकाला द्यायचा नाही, हा त्याचा कायदा. मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर तो नवा तंबू ठोकायचा आणि ऐन ऑगस्टमध्ये आत झोपायचा. संध्याकाळी आत जायचा माणूस, सकाळी बाहेर यायची सुकट. शेजाऱ्यांची खात्री होती की भाभी त्याला आठवड्यातून दोनदा घराबाहेर काढतात.

यंदा अरबाबच्या डोक्यात नवं खूळ आलं. गाड्या पोचत नाहीत अशा उत्तरेकडच्या डोंगरांत, रानबकऱ्यांच्या मागावर पायी जायचं. प्रत्येकानं आपलं बिऱ्हाड आपल्या पाठीवर न्यायचं. "खफीफ, हबीबी, खफीफ!" हलका तंबू हवा, हलका. दिलावरनं वीस तंबू बघून दोन बाजूला काढले. एक दोन पदरी, म्हणजे कापडाचे दोन थर असलेला, तीन किलोचा. दुसरा एकपदरी, सव्वा किलोचा, मुठीत मावेल एवढा. आता गच्चीवर उन्हाची परीक्षा होते, बर्फाची कुठं घ्यायची? तर याच्या गाववाल्याचं मुसफ्फात फ्रोझन मासळीचं कोल्ड स्टोरेज होतं! एका रविवारी भर दुपारी, बाहेर बेचाळीस आणि आत उणे दहा, आम्ही दोघं कानटोप्या घालून आत शिरलो. फरशीत मेखा जाईनात, म्हणून दोऱ्या सुरमईच्या खोक्यांना बांधल्या. वारा हवा म्हणून समोर पंखा लावला. मी दोन पदरीत, तो एकपदरीत. माझ्या मिशीचा असा बर्फ झाला की शिंक आली असती तर मिशी तुटून पापलेटच्या खोक्यात पडली असती आणि कुठल्या तरी हॉटेलात तळली गेली असती.

तासाभरानं बाहेर आलो तेव्हा मी कोरडा होतो. दिलावरच्या तंबूत त्याचाच श्वास आतून कापडावर गोठला होता. तंबू बाहेर आणताच सगळं पाणी त्याच्या टकलावर टपटपलं. त्यानं कापड बोटांनी चोळून बघितलं.

"पुणेकर, हा बाद. ह्याच्यात माणूस आतून भिजतो. मी तीन किलोवाला नेणार."

आणि इथं मी तोंड घातलं. गप्प बसेन तर मी कसला! म्हटलं, "अरे, चोपन्न वर्षांचा तू! जिना चढलास की तुझे गुडघे वाजलेले मला चौथ्या मजल्यावर ऐकू येतात. तीन किलो घेऊन डोंगर चढणार? दाराची चेन चार बोटं उघडी ठेव, हवा खेळली की पाणी धरणार नाही. इंजिनिअर मी की तू?"

"इंजिनिअर तुम्हीच. पण झोपणार मी ना!"

पंधरा दिवस मी त्याचं डोकं खाल्लं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचं सगळं सामान तोललं, टूथब्रशची दांडी कापून दिली, उष्णता आणि वाऱ्याचे तक्ते पाठवले. शेवटी तो कंटाळला. अरबाब आणि बाकीच्यांना त्यानं दोन पदरी दिले. स्वतःसाठी सव्वा किलोचा घेतला आणि विमानतळावरून मेसेज टाकला, "यल्ला, चला! खूश?" मी खूश झालो. अख्ख्या ऑफिसला सांगितलं.

बरोबरच्यांनी नंतर सांगितलं, तिसऱ्या दिवशी तिथं पाण्यासारखा ओला बर्फ पडायला लागला. दार उघडं ठेवलं तर बर्फ आत, बंद केलं तर छतातून पाणी. स्लीपिंग बॅग चिंब. खोकला त्यानं दोन दिवस लपवला, कारण सगळ्यांचा चहा त्यालाच करायचा होता. पाचव्या दिवशी घोड्यावर बांधून खाली आणलं. पायथ्याच्या दवाखान्यात दोन्ही फुप्फुसं भरलेली निघाली… खलास.

भेटायला आलेले लोक म्हणत होते, आवडीच्या कामात गेला, नशीबवान. एकाला मी विचारलं, तुम्हाला क्रिकेट आवडतं ना, मग बॅट मारू डोक्यात? लोक मला धरून बाहेर घेऊन गेले. अरबाबवर चिडावं तर तो म्हातारा भाभींच्या दारात जमिनीवर बसून हमसून रडला. मग मी दिलावरवरच चिडलो. गाढवा, जन्मभर सगळ्यांच्या सल्ल्याला केराची टोपली दाखवलीस, माझाच बरा पाळलास! पण त्या रागाच्या तळाशी कोण बसलंय ते मला माहीत होतं. आणि ते भाभींना माहीत नव्हतं.

मागच्या शुक्रवारी दिलावरची बॅग परत आली म्हणून त्यांनी मला बोलावलं. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. तीन किलोवाला तो नेणार होता, मी नेऊ दिला नाही.

भाभी म्हणाल्या, "सव्वीस वर्षं मी त्यांना सांगते, सिगरेट सोडा, थंडीत जाऊ नका. एक गोष्ट ऐकली नाही माझी. आणि ऐकलं तर तुमचं?"

बॅगेतून त्यांनी तंबू काढला. ओलाच गुंडाळलेला, बुरशीचा वास मारणारा. "ओला ठेवला तर कापड कुजतं म्हणायचे. चला, गच्चीवर ताणू." भाभींनी एक टोक धरलं, मी दुसरं. दुपारच्या उन्हात तो दहा मिनिटांत खडखडीत वाळला. डोंगरात त्याला दहा मिनिटं ऊन मिळालं असतं तर… मी घाईघाईनं तो गुंडाळायला वाकलो.

"तुम्ही नका," भाभी म्हणाल्या. आवाज चढला नाही, पण मी कापड सोडलं. "जा आता, भावजी."

जिन्याच्या दारातून मी मागे वळून बघितलं. भाभी तंबूची घडी मांडीखाली घेऊन गुडघ्यानं दाबत होत्या, कापडातली हवा फुस्स करत बाहेर जात होती. तंबू असा फक्त दिलावर गुंडाळायचा.