गाडीतला गॅस आणि सुकटीचा वास

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे वर्सोव्याला जाऊन सुका जवला घेणं. मे संपत आला होता. पावसाआधी सुकट, सुकी मासळी घरात भरून ठेवायची, हे आमच्या कोकणातल्या माणसांना कुणी सांगावं लागत नाही. बायकोने मूठभर जवला तळहातावर घेतला, फुंकर मारली, आणि कोळणीला म्हणाली, "ह्यात रेती हा."

"रेती नाय गो, तुझ्या डोल्यान हाय," कोळीण म्हणाली. दोघी हसल्या. मी लांब उभा. मला बायकोचं कपाळ मोकळं दिसलं. म्हटलं, "टिकली खंय गेली?"

"पडली आसतली," ती म्हणाली.

पिशवी मी डिकीत टाकणार होतो. तिने टाकू दिली नाही. डिकीतला पेट्रोलचा वास जवल्याला लागतो म्हणे. पिशवी उघडीच पायाशी घेऊन बसली. आम्ही घाटकोपरला घरी निघालो.

त्याच दिवशी सकाळी अंधेरीला गॅरेजमध्ये गाडीच्या एसीचा गॅस बदलून घेतला होता. गाडी जुनी. मी जन्मभर एका शेठची गाडी चालवली, आणि नोकरी सुटताना त्यांनी तीच गाडी मला दिली. तिच्या एसीला जो गॅस लागायचा तो आता मिळतच नाही. तीन उन्हाळे एसी बंद. बायको म्हणायची, काचा खाली करा, वारा येतो की. पण यंदा तिला उकाडा सोसेना. जिना चढली की घामाने भिजायची. मीच हट्ट धरला की एसी करायचाच.

मेकॅनिक जालन्याकडचा, पन्नाशीचा माणूस. म्हणाला, "काका, नवा गॅस घालायचा तर नुसता घालून चालत नाही. जुनं तेल काढावं लागतं, रबरी रिंगा बदलाव्या लागतात, ड्रायर बदलावा लागतो." मी सातवी शिकलेला, पण गॅरेजवाले मी चाळीस वर्षं बघितलेत. त्याच्या डोक्यावर उभा राहिलो. पाइपातली हवा ओढून घ्यायला त्याने पंप लावला, तो तासभर घुर्र करत होता. तेवढ्यात मी कोपऱ्यावर चहाला गेलो. परत आलो तर हा म्हणतो, "झालं, गॅस भरला." आणि वर सांगतो, जुन्यापेक्षा थोडा कमीच भरायचा असतो. मी मनात म्हटलं, वा रे वा. नेमका मी नसताना भरला, आणि तोही कमी. बायको तिथेच स्टुलावर बसून होती, पण तिला काय कळणार!

घाटकोपरच्या वाटेवर ती म्हणाली, "कसलो वास येता ओ?"

"सुकटीचो. दुसरो कसलो?"

"माका सुकटीचो वास कळना नाय? ह्यो उबट येता." थोड्या वेळाने म्हणाली, "डोक्या जड झाला. काच उघडतंय."

मी तिला काच उघडू दिली नाही. "गप बस. सगळी थंडी भायर जाईल."

 घरी येऊन तिने पिशवीला गाठ मारून ती माळ्यावर ठेवली, भात टाकला, जेवली, झोपली. पहाटे मी हाक मारली तर उठली नाही.

डॉक्टर म्हणाला, हृदय बंद पडलं. वय होतं म्हणाला. वय माझंही आहे की.

दिवसकार्य झालं. सुतकात घरात मासळी शिजत नाही, म्हणून पिशवी तशीच गाठ मारलेली. पाहुणे गेले, मुलगी मुलुंडला तिच्या घरी गेली, आणि मी एकटा बसलो तसा तो उबट वास माझ्या नाकात येऊन बसला. काही लोक एसीत स्वयंपाकाचा गॅस भरतात, हे मी ड्रायव्हर लोकांकडून ऐकलं होतं. स्वस्त पडतो, गारही करतो. हाही तसाच निघाला असेल तर? तो गॅस गाडीत गळला असेल, आणि काचा बंद होत्या. बंद कुणी ठेवल्या, इथे आलो की मी पुढचा विचार सोडून द्यायचो आणि मेकॅनिकला शिव्या घालायचो.

चौदाव्या दिवशी गाडी काढली आणि अंधेरीला गेलो. काचा खाली, एसी बंद.

त्याला बायको गेल्याचं सांगितलं. तो हातातला पाना ठेवून उभा राहिला. "काय सांगता काका! मावशी?"

"मावशी-बिवशी राहू दे. माझ्या गाडीत कुठला गॅस भरलास ते सांग."

त्याने बॉनेट उघडून आतला स्टिकर दाखवला. गॅसचा नंबर त्यावर लिहिलेला.

"स्टिकर मी पण चिकटवीन," मी म्हटलं.

तो आत गेला. मागच्या फळीवरून गॅसचे दोन रिकामे डबे घेऊन आला. दोन्ही सुतळीने एकत्र बांधलेले. "मावशींनी बांधायला लावले. तुम्ही चहाला गेला होता. मला म्हणाल्या, आमचा माणूस संशयी आहे, भांडायला येईल, तोवर हे टाकू नकोस. डबे बदललेस तर मला कळेल, म्हणाल्या."

वरच्या डब्यावर टिकली चिकटवलेली होती. मरून रंगाची, मोठी, ती लावायची तशीच. कडेला घामाने कुंकवासारखा रंग सुटलेला.

मला इंग्रजी वाचता येत नाही, आकडे येतात. डब्यावरचा आकडा आणि स्टिकरवरचा आकडा एकच होता. मी तीनदा बघितला.

"मग वास कसला होता?" मी म्हटलं. आवाज माझाच मला चढलेला वाटला. "मी खोटं बोलतोय? ती खोटं बोलत होती?"

"एसी लावा."

लावला. त्याने नाक पुढे केलं आणि लगेच मागे घेतलं. मग डॅशबोर्डखाली झोपून स्क्रू काढायला लागला. अर्ध्या तासाने मला खाली वाकायला लावलं. आतल्या थंड जाळीवर जवला चिकटला होता. ओला, काळपट, कुजलेला.

"एसी हवा इथून खेचतो," त्याने पायाशी असलेलं भोक दाखवलं. "पिशवी इथे होती का?"

होती.

"पण ह्या भोकावर एक जाळी असते ना?" मी म्हटलं. एवढी गाडी मला पाठ आहे.

तो उठून बसला. हात पुसत राहिला. "मीच काढली होती त्या दिवशी, साफ करायला. लावायची राहिली. चूक माझी आहे, काका."

चूक सापडली तर मला बरं वाटेल, असं मला वाटलं होतं. जाळी त्याने तिथल्या तिथे बसवली, आतलं सगळं धुऊन काढलं. मी विचारलं, "मग तिचं डोकं का जड झालं?"

"ते मला नाही सांगता येणार. गॅस बरोबर आहे, गळत नाही, एवढं सांगतो. बाकी डॉक्टर म्हणाले तेच असेल."

"ती काच उघडते म्हणाली होती. मी नाही उघडू दिली."

हे मी मुलीलाही सांगितलं नव्हतं. त्याने चहा मागवला. डबे मी मागितले तर त्याने सुतळी न सोडता दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माळ्यावरून पिशवी काढली. विकत आणलेला जवला घरी आणखी दोन उन्हं दाखवून मगच बरणीत भरायचा, ही तिची पद्धत. पाऊस तोंडावर आलेला, बिल्डिंगच्या गच्चीला कुलूप. मी खाली गेलो, गाडीच्या चारही काचा खाली केल्या, बॉनेटवर जुने पेपर पसरले आणि त्यावर जवला वाळत घातला. वारा पेपर उडवायला लागला तेव्हा एका टोकाला ते दोन डबे ठेवले, टिकली वर करून.

तळमजल्यावरची शेजारीण म्हणाली, "काका, हा कसला उतारा? गाडीला नजर लागली काय?"

"रेती निवडतोय," म्हटलं, आणि स्टूल घेऊन कावळे हाकत बसलो. रेती खरंच होती.