पाठीवरचा हात

शेजारी बाळंतीण आली आहे. सकाळी ओवा-लसूण घालून तेल तापवतात, आणि तो वास भिंत ओलांडून माझ्या स्वयंपाकघरात येतो. मला मात्र आठवते ती एक म्हातारी, सत्तरच्या दशकातल्या नागपूरच्या एका वृद्धाश्रमातली. मी तिथे परिचारिका होते.

ती नरखेडकडची. उभा जन्म कापूस वेचताना वाकून गेलेला, आणि पाठ आता तशीच राहिलेली. गोळ्यांनी पोटात आग पडायची, म्हणून डॉक्टरांनी त्या बंद केल्या. म्हणाले, तेल चोळा, शेक द्या. मग दुपारच्या निवांत उन्हात मी तिची पाठ चोळू लागले, मिठाची गरम पुरचुंडी मणक्यांवरून फिरवू लागले. दुखणं जरा दबून बसायचं, अन् दिवेलागणीला परत यायचं.

"तुमचा हात चांगला हाये बाई," ती म्हणायची, "पन माह्या पोराचा हात लागला असता, तर ठनका गेला असता."

हे ती इतक्या शांतपणे सांगे, की मलाही ते खरं वाटू लागलं. मी मुलाला निरोप धाडला.

संत्र्यांच्या हंगामात तो आला. पिशवीभर संत्री खाटेखाली ठेवून स्टुलावर बसला.

"पाठीले हात लाव ना गा," ती म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

मी तेलाची वाटी पुढे केली. पन्नाशीचा तो माणूस आईच्या पाठीवर बोटं टेकवून तसाच थांबला. कुठे दाबावं, किती दाबावं, त्याला कळेना.

"माय, कुठं दुखून राहिलं?"

थोडं तेल पसरवून त्याने हात पुसले, एसटी चुकेल म्हणाला आणि निघाला. वाईट नव्हता तो. फाटकापाशी थांबून डोळे पुसताना मी त्याला पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी वाटी घेऊन गेले, तर तिने पदर पाठीवर घट्ट ओढून घेतला.

"आता राहू द्या, बाई."

"काहून, आजी?"

"त्याचा हात मले ओयखूच आला नाही."

नंतर तिने कुणालाच हात लावू दिला नाही. उन्हाळाभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली, आणि पावसाळ्याआधी गेली. शेवटची आंघोळ मीच घातली; तेव्हा कुठे त्या पाठीला मला पुन्हा हात लावता आला.

पुढे कितीतरी पाठी चोळल्या. दुखणं कुणाचंच गेलं नाही. वर्षं माणसांना लांब नेतात हे ठाऊक होतं. ती पोटच्या पोराचा स्पर्शही परका करून टाकतात, हे तिच्यापाशी कळलं. माझा मुलगा परगावी असतो. पाठ आता माझीही दुखते. दिवाळीला तो येतो, वाकून नमस्कार करतो, तब्येत कशी आहे विचारतो. मी बरी आहे म्हणते.