मुंगीच्या तोंडातला कण

म्हातारा भारी हट्टी. चाळीस वर्षं अंबर घासलं, पण आपल्या हातून डागी खडा कधी बाहेर पडला नाही, हे तो कुणी विचारो न विचारो, सांगायचाच. अंबर म्हणजे जुन्या झाडांची राळ, मुरून मुरून खडा झालेली. आत जरा गढूळ दिसलं की गिऱ्हाईक नाक मुरडतं. त्यामुळे डाग दिसला की घासून काढायचा, ही त्याच्या हाताची खोडच झाली होती.

एकुलती लेक संग्रहालयात मुंग्यांचा अभ्यास करायची. "मुंग्यांमागे फिरून कुणाचं भलं झालंय?" असं तो एकदा बोलून गेला आणि तिनं ते मनाला लावून घेतलं. सहा वर्षं दोघांत धड बोलणं नाही. तीच लेक एक दिवस आपण होऊन खडा घेऊन आली.

"बाबा, आत पंखवाली राणी आहे. या मुंग्या बुरशीची शेती करायच्या. ही जात आता कुठंच उरली नाही. एक बाजू सपाट करून द्या, जबडा नीट दिसायला हवा. दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला जीव धजत नाही."

म्हाताऱ्याला आभाळ ठेंगणं झालं. तीन दिवस डोळ्यांत तेल घालून घासलं. जबड्याला चिकटून खसखशीहून बारीक, भुरकट कण होता. लेकीला आडवा येईल म्हणून त्यानं तो अलगद घासून उडवला. मुंगीला ओरखडासुद्धा नाही. आहे की नाही कमाल?

लेकीनं भिंग लावलं आणि बराच वेळ उचललंच नाही.

"बाबा, इथं एक कण होता."

"होता ना. काढला. लख्ख केलं बघ." हसणारा तो एकटाच होता.

"घर सोडताना राणी आपल्या आईच्या शेतातली बुरशी तोंडात धरून निघायची. त्यावरच नवं घर उभं राहायचं. या जातीची तेवढीच बुरशी सापडली होती."

"अगं, मग आधी सांगायचं नाही का?"

"सांगायला हवं होतं. वाटलं, तुम्ही विचाराल."

खडा कापसात गुंडाळून ती गेली. भांडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. घासायच्या चाकाखालचा ओला गाळ कागदावर पसरून तो संध्याकाळपर्यंत भिंगातून बघत बसला. सगळा गाळ एकाच रंगाचा होता. शेवटी त्यानं फोन लावला.

"ती बुरशी... कुठली होती गं?"



"तेच तर बघायचं होतं, बाबा."