मार्थाबाईची कबुली

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी, असे, आणि आदल्या शनिवारी दिवे लागायच्या आत मार्थाबाई माझ्या ओसरीवर येऊन उभी राही. बसा म्हटलं तर बसत नसे. "आधी काम," म्हणे. मग पदर सारखा करून, कंपाउंडातल्या चारही घरांना ऐकू जाईल अशा आवाजात सुरू होई, "सुगंधाबाई, मंगळवारी तुमी ते जांभळं लुगडं नेसलात. मला लय हेवा वाटला. मनात म्हणलं, हिला काय शोभायलंय ते. माझं चुकलं, माफी करा." मी केली म्हटलं की ती शेजारच्या ओसरीकडे वळे.

प्रभूच्या मेजाकडे जाण्याआधी आपसांतली मनदुखी मिटवायची, ही आमच्या मंडळीची रीत होती. पाळत आम्ही सगळेच होतो, पण आपापल्या सोयीनं. "काही चुकलं असलं तर क्षमा करा," असं कुंपणावरून म्हटलं की आमचं भागे. मार्थाबाईला ते पटत नसे. "सेलूच्या अडतीत कापूस ठोक इकावा," ती म्हणे. "माफी ठोकात मिळत न्हाई. काय चुकलं ते नावानिशी सांगावं लागतंय."

मला या बाईचा हेवा वाटे. आधीच सांगून टाकते, कारण तिच्याविषयी लिहायचं म्हटलं की तो मध्ये येणारच.

निजामाचं राज्य होतं. माझे यजमान मिशनच्या शाळेचे मुख्याध्यापक, आम्ही मूळचे नगरकडचे. कापसातली सरकी काढायच्या जिनिंग कारखान्याच्या पलीकडे, रेल्वेच्या रुळाला लागून आमचं कंपाउंड होतं. मार्थाबाई राणीसावरगावची. नवरा लवकर गेलेला, मूल नाही. खेडोपाडी बायकांना आमचं पवित्र शास्त्र वाचून दाखवायचं तिचं काम. उंच, हाडापेरानं दणकट, आणि आवाजाचा भारी गर्व. उपासनेत गीत सुरू झालं की पेटीसुद्धा मागे पडे. त्या गर्वाचीही ती शनिवारी माफी मागे आणि रविवारी पुन्हा तश्शीच गाई.

माझ्या लेखी पाप म्हणजे दारू, जुगार, चोरी, शिवीगाळ, थोडक्यात जे आमच्या घरात नव्हतं ते. गावातल्या बायकांच्या लेखी पाप म्हणजे एक तर गेल्या जन्माचं, नाहीतर विटाळाचं. मार्थाबाई दोन्ही बाजूंना हसे. "पाप म्हंजे कापसातली सरकी," ती सांगे. "वरून समदं पांढरं दिसतंय. जरा दाबून बघा, हाताला लागती. अन् ती आपल्या बोटानं निघत न्हाई. जिनातच घालावा लागतो कापूस, अन् तो जिन देवाचा, आपल्या बापाचा न्हाई." जिनिंगमध्ये काम करणाऱ्या बायकांना हे चटकन समजे. मी वर्षभर बायकांच्या वर्गात शिकवलेलं त्यांच्या लक्षात राहत नसे, हिची सरकी राही.

एकदा पोखर्णीच्या वाटेवरच्या एका गावी आम्ही दोघी पाटलीणबाईंकडे गेलो. मी त्या घरी आधीपासून जात होते. पाटलीणबाई ओट्यावर, आम्ही खाली अंगणात, असाच तो रिवाज. मी नेहमीप्रमाणे एक छानशी बोधाची गोष्ट सांगितली आणि बाईंनी नेहमीप्रमाणे जांभई दिली. तेवढ्यात मार्थाबाई म्हणाली, "पाटलीणबाई, देवापुढं तुमी पापी, मी पापी, अन् ह्या मास्तरीणबाई बी पापी." मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. पाटलीणबाई आधी हसल्या. मग त्यांचा आवाजच बदलला.

"मला आजवर असं कुणी म्हणलं न्हाई," त्या म्हणाल्या. "जो येतो तो माझी पुण्याईच सांगतो. सवतीच्या लेकराबद्दल माझ्या मनात काय काय येतंय, ते मी कुणाला सांगू?" आणि त्या ओट्याची एक पायरी खाली उतरून बसल्या.

परतताना बैलगाडीत मार्थाबाई खुशीत होती. "समदेच खाली हायेत म्हणलं, की माणसाला खाली उतरायची लाज वाटत न्हाई," ती म्हणाली. एवढे दिवस मी त्या अंगणात बसले होते, पण माझ्यासाठी ती बाई कधी एक पायरीही उतरली नव्हती.

हे सगळं मी सोसलं असतं. पण माझी शांता तिच्याकडे जाऊ लागली, ते मला सोसवेना.

शांता माझी एकुलती एक. शाळेतून आली की पाटी ठेवून थेट मार्थाबाईच्या चुलीपुढे. शाळेत कुणाशी भांडली, कुणाची खोडी काढली, कुणाला खोटं सांगितलं, सगळं तिथे सांगे. घरी आल्यावर मी विचारलं तर, "काही नाही, आई." आमच्या घरात भांडण नव्हतं, मोठा आवाज नव्हता, पाहुण्यांना मी अभिमानानं सांगे की माझ्या लेकीला रागावायची वेळच येत नाही. कुंपणापलीकडून त्या दोघींचं हसणं ऐकू आलं की माझ्या पोळ्या करपत.

मग ती मनुक्यांची भानगड झाली. प्रभुभोजनाच्या रसाचा मान माझा. पठाणाकडून घेतलेले काळे मनुके शनिवारी धुऊन कल्हईच्या पातेल्यात भिजवायचे आणि रविवारी सकाळी कुस्करून मलमलीतून गाळायचे. त्या रविवारी झाकण काढलं तर मनुके निम्मेच. मी गुळाचं पाणी घालून वेळ मारून नेली. पाळकसाहेबांनी प्याला उचलला आणि त्यांचा चेहराच सांगून गेला.

आदल्या संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात मार्थाबाई येऊन गेली होती. उपासना सुटल्यावर मी तिला सगळ्यांसमोर विचारलं, "मनुके तुम्ही खाल्लेत का?"

"खाल्ले न्हाईत," ती शांतपणे म्हणाली. "पण झाकण उघडून बघितलं, अन् तोंडाला पाणी सुटलं. खाणाऱ्यात अन् माझ्यात हात पुढं करण्याएवढाच फरक."

मला एवढं पुरे होतं. जी बाई दर शनिवारी उठून आपली पापं मोजते, तिनं हेही केलंच असणार, असं मी धरून चालले. पाळकसाहेबांना सांगितलं, तिनं कबूल केलं. त्यांनी तिला विचारलं, तिनं तेच वाक्य पुन्हा ऐकवलं, आणि पुढच्या प्रभुभोजनाला तिला मेजापासून दूर ठेवलं. त्या दिवशी ती शेवटच्या चटईवर बसली आणि नेहमीपेक्षा मोठ्यानं गायली. मला वाटलं होतं माझ्या काळजाला थंडावा मिळेल. शांता तिच्याच शेजारी जाऊन बसली होती.

त्यानंतरच्या शनिवारी मार्थाबाई माझ्या ओसरीवर आली. या खेपेला आवाज खाली होता. "सुगंधाबाई, तुमची लेक मनातलं मला सांगती. मला लय सुख वाटतंय त्याचं. मला लेकरू न्हाई, तुमाला हाय, पण ती येती माझ्याकडं, म्हणून मला माझं मोठेपण वाटायलंय. हे वाईट हाय. मी तिला सांगितलं, आता मला न्हाई, आईला सांग."

"काय सांगते ती तुम्हाला?" मी विचारलं.

"ते तिचं हाय. मी माझं सांगाया आले."

मी माफी केली म्हटलं, पण आतून नुसती जळत होते. ही बाई माझी मुलगी मला परत द्यायला आली होती, आणि देतानासुद्धा तीच वरचढ ठरली होती. पुढे शांता तिच्या चुलीपुढे जायची थांबली खरी. पण मलाही काही सांगेना. ती मोठी होत गेली आणि घरात आणखी गप्प होत गेली.

रझाकारांच्या धामधुमीत वाटा बंद झाल्या, तरी मार्थाबाई खेड्यांवर जातच राहिली. राणीसावरगावी तिला ताप भरला आणि तिथेच ती गेली. तिकडे जायची कुणाची छाती झाली नाही. जिनिंगमधल्या एका बाईनं निरोप आणला तेव्हा शांता न्हाणीत जाऊन दार लावून रडली. मी बाहेर उभी राहिले. आईसाठीसुद्धा ही एवढी रडेल का, असं माझ्या मनात आलं. मेलेल्या बाईचासुद्धा मी हेवा करत होते.

राज्य बदललं, गाड्या सुरू झाल्या, आमचं प्रभुभोजनही पुन्हा ठरलं. शनिवारी मी मनुके भिजत घातले आणि ओसरीवर येऊन बसले. ऊन कुंपणावरून उतरलं. कुणी येणार नव्हतं, तरी मी वाट बघत होते. शेवटी मी उठले. शांता मागच्या पडवीत तांदूळ निवडत होती. मी तिच्यापुढे जाऊन उभीच राहिले. बसायचं धैर्य होईना.

"शांता," मी म्हटलं, "मला मार्थाबाईचा हेवा वाटायचा. तू तिला सांगायचीस, मला नाही, म्हणून. अजूनही वाटतो. माझं चुकलं."

तिचे हात सुपात थांबले.

"मनुके मी खाल्ले होते, आई," ती म्हणाली. "मार्थामावशींना त्याच दिवशी सांगितलं. त्या म्हणाल्या, हे तुझ्या आईला तूच सांगायचं हाय, मी सांगणार न्हाई. पण माझी हिंमत झाली नाही, आणि तूही मला विचारलं नाहीस."

"पण मला का नाही सांगितलंस ग?"

"तुझ्या घरात कुणी चुकतच नव्हतं," शांता म्हणाली.

मी तिच्याशेजारी बसले आणि सूप जरा माझ्याकडे ओढून घेतलं. आम्ही दोघी खडे वेचत राहिलो. चूक नावानिशी सांगावी लागते, हे मार्थाबाई मला कधीपासून सांगत आली होती, आणि माझ्या मुलीकडे पोचायला मला शेवटी तिचीच वाट धरावी लागली. मला त्याचाही हेवा वाटला. तेही मी शांताला तिथेच सांगितलं.