घड्याळाची प्रकृती

काळजी करण्यासारखं आता काहीच उरलं नाही, या नुसत्या कल्पनेनंही ज्यांच्या पोटात गोळा येईल असे गृहस्थ या पुणे शहरात एकच आहेत, आणि ते माझे साडू आहेत. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सगळी नोकरी सरकारी खात्यात हिशेब तपासण्यात गेली, त्यामुळे कुठं तरी काही तरी चुकलेलं असणारच, यावर त्यांची अढळ श्रद्धा. घराबाहेर पडताना कुलपाला लोंबकळून ते लागलंय का ते बघणार, जिना उतरला की गॅस बंद केला होता का म्हणून पुन्हा वर जाणार, आणि वर जाऊन कुलूप उघडलं म्हणून लोंबकळण्याचा कार्यक्रम पुन्हा पहिल्यापासून. कात्रजच्या घाटात एस.टी. उतरणीला लागली की ते ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून स्वतः पायानं ब्रेक दाबत असतात. एकदा मी म्हटलं, "भाऊजी, ड्रायव्हरला पगार मिळतो त्याचा." तर म्हणाले, "पगार मलाही मिळायचा. म्हणूनच भीती वाटते."

अशा माणसाला त्यांच्या एकुलत्या एका मुलानं, म्हणजे आमच्या निखिलनं, निवृत्तीनिमित्त स्वित्झर्लंडचं घड्याळ आणून दिलं. निखिल पुण्यातून अमेरिकेला गेलेल्या सॉफ्टवेअरवाल्यांतला. त्या दिवसांत आमच्या ओळखीत दर दुसऱ्या घरातलं एक पोरगं तिकडं होतं आणि आयांना डॉलरचा भाव भाजीच्या भावासारखा पाठ असायचा. साडूंनी किंमत विचारली, निखिल नुसता हसला. तो परत गेल्यावर साडूंनी कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत जाऊन किंमत शोधून काढली आणि घरी येऊन, पायांतल्या चपलांसकट, कॉटवर आडवे झाले. ताईंना वाटलं, यांना झटका आला. पाणी पाजल्यावर म्हणाले, "मनगटावर अख्खी खोली बांधून हिंडायचं म्हणजे काय!"

पण किंमत हे दुखणं किरकोळ होतं. खरं दुखणं घड्याळाबरोबरच्या पुस्तिकेत निघालं. दर काही वर्षांनी या घड्याळाची सर्व्हिसिंग करून घ्यावी, असं तिच्यात छापलं होतं. साडूंनी फोन करून सर्व्हिसिंगचा खर्च विचारला. पलीकडून जो आकडा आला त्यात त्या वेळी बरी दुचाकी आली असती. दुसऱ्या दिवशी त्यांनी बँकेत आवर्ती ठेव उघडली. लोक मुलींच्या लग्नासाठी ठेवी ठेवतात, आमच्या साडूंनी घड्याळाच्या आजारपणासाठी ठेवली. बरं, घड्याळ चावीचंही नाही आणि सेलचंही नाही. हात हलला की चालणार, ठेवून दिलं की बंद पडणार. म्हणजे वापरलं तर ओरखडे, आणि नाही वापरलं तर आतलं तेल घट्ट होणार. यावर साडूंनी तोड काढली. रोज सकाळी ते घड्याळ बांधून घरातल्या घरात, दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात आणि परत, हात हलवत येरझाऱ्या घालत. कुणी विचारलं तर, "घड्याळाला जरा फिरवून आणतो." ताई पोळ्या लाटता लाटता म्हणत, "मला कधी असं सारसबागेपर्यंत नेलं नाही."

बाहेर जाताना डाव्या हातात हे घड्याळ आणि उजव्या हातात बुधवार पेठेतून घेतलेलं साधं, असा थाट. त्यांना कुणी वेळ विचारली की ते उजवं मनगट बघून सांगत. गाण्याच्या बैठकीला टाळ्या वाजवत नसत, हादरे बसतात म्हणून. नुसती मान डोलवत. एका तरुण गायकाचा समज झाला की काकांना सगळ्यात जास्त कळतं. तो मुद्दाम येऊन पाया पडला, तर हे एकदम दोन पावलं मागं सरकले आणि म्हणाले, "जपून, डावा हात!" स्कूटर विकून टाकली, कारण आमच्या रस्त्यांवरचे खड्डे माणसांसाठी ठीक आहेत, यंत्रांसाठी नाहीत. गणपतीत ढोलाचा आवाज सुरू झाला की घड्याळ पंच्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यात जाई.

शेवटी घात केला तो जपण्यानंच. साताऱ्याला लग्नाला जायचं होतं. तिथल्या गर्दीत घड्याळ नको, आणि घरी ठेवावं तर चोर. साडूंनी खूप विचार करून घड्याळ फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात, कोथिंबिरीखाली ठेवलं. "चोर कपाट फोडेल. कोथिंबीर कशाला निवडायला बसेल?" असा त्यांचा तर्क. तर्क बरोबर होता, चोर आलाच नाही. पण परत आल्यावर बघतात तो काचेच्या आत धुकं. काटे त्या धुक्यात कुठं तरी थांबलेले.

त्यांनी मला बोलावून घेतलं. आधी आम्ही बुधवार पेठेतल्या एका दुरुस्तीवाल्याकडं गेलो. त्यानं घड्याळ हातात न घेताच सांगितलं, "हे मी उघडणार नाही. काही झालं तर दुकान तुमच्या नावावर करावं लागेल. पुढं व्हा." मग कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला. तिथं गारेगार हवा, मऊ सोफे, आणि आल्या आल्या कॉफी. साडू माझ्या कानात म्हणाले, "पिऊन घ्या. बिलात असणारच." काऊंटरवरच्या मुलीनं पांढरे हातमोजे घालून घड्याळ डोळ्याशी नेलं.

"सर, क्राऊन, म्हणजे ही बाजूची कळ, नीट क्लोज नव्हता. मॉइश्चर आत गेलंय. पूर्ण ओव्हरहॉल करावं लागेल. बाहेर पाठवावं लागेल, स्वित्झर्लंडला."

"आम्ही नवराबायको महाबळेश्वरच्या पुढं गेलो नाही," साडू म्हणाले, "आणि हे दुरुस्तीला स्वित्झर्लंडला!"

तिनं अंदाजे खर्च लिहून कागद पुढं सरकवला. मी तो बघून कॉफी खाली ठेवली. आवर्ती ठेव कशीबशी पुरली असती, पण पै न पै गेली असती. मुलगी घड्याळ न्याहाळत सहज म्हणाली, "सर, क्राऊन तुम्ही फिरवला होता का? टाइम चुकीचा होता म्हणून?"

"चुकीचा नव्हता," साडू म्हणाले. "तो तिकडचा होता."

मला काही कळेना. मग सोफ्यावर बसून, एखादं लाजिरवाणं दुखणं सांगावं तसं, त्यांनी मला सांगितलं. हे घड्याळ पहिल्यापासून ते निखिलच्या वेळेवर लावत होते. दिवसातून केव्हाही बघितलं की कळायचं, आता हा उठला असेल, आता ऑफिसला पोचला असेल, आता जेवत असेल. घरात सांगायची सोय नव्हती, ताई हसल्या असत्या. "पण हल्ली एक वेगळीच गोष्ट दिसतेय," ते म्हणाले. "पूर्वी तो रविवारी फोन करायचा. आता मंगळवारी करतो, गुरुवारी करतो. आपल्याकडं संध्याकाळ, म्हणजे तिथं सकाळ. ऐन ऑफिसच्या वेळेला हा घरून बोलतो. मागं कुकरची शिट्टी ऐकू येते."

"सुटी घेतली असेल हो," मी नेहमीच्या सवयीनं म्हणालो.

"दर मंगळवारी?"

तिकडं मंदी आली होती. पेपरात रोज बातम्या येत होत्या, सगळ्यांनी वाचल्या होत्या. पण साडूंच्या काळज्या हसण्यावारी न्यायची आम्हाला इतकी सवय झाली होती, की ही काळजी खरी असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. साडूंनी काऊंटरवर जाऊन विचारलं, "दुरुस्त नाही केलं तर काय होईल?"

"आतून रस्ट होईल, सर."

त्यांनी घड्याळ उचलून शर्टाच्या खिशात टाकलं आणि मला म्हणाले, "चला. दोन्ही दुरुस्त्या एकदम नाही परवडायच्या."

संध्याकाळी निखिलचा फोन आला तेव्हा मी तिथंच होतो. साडूंनी ताईंच्या हातातून रिसीव्हर घेतला. हवापाणी नाही, जेवलास का नाही.

"नोकरी गेली ना?"

पलीकडून बारीक आवाज आला, खोलीतल्या शांततेमुळं मलाही ऐकू आला. "बाबा, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुकरनं. तिकीट काढतो. ये."

"तुमच्याकडं एवढे पैसे कुठून?"

"घड्याळासाठी ठेवले होते."

"घड्याळ विकलंत?"

"नाही. त्याला बरं नाहीये. तू ये."

निखिल आला. वजन उतरलेलं, दाढी वाढलेली. पुण्यातही तेव्हा नोकऱ्या आटल्या होत्या. तो मुलाखतींना जायचा, यायचा, आणि दार लावून खोलीत बसायचा. आणि त्या दिवसांत आमच्या साडूंनी काळजी करणं बंद केलं. म्हणजे करतच असतील, पण दाखवली नाही. कुलूप एकदा लावून सरळ जिना उतरायचे. आंघोळ करताना शीळ घालायचे. जेवताना निखिलला जुन्या ऑफिसातले विनोद सांगायचे, आणि ते इतके वाईट असायचे की पोरगं नाइलाजानं हसायचं. ताई घाबरून आमच्याकडं आल्या. माझ्या बायकोला म्हणाल्या, "अगं, काल रात्री गॅस बघायला उठले नाहीत. डॉक्टरांकडं नेऊ का?" मी एकदा मोठ्या उत्साहानं म्हटलं, "भाऊजी, प्रकृती छान दिसतेय हल्ली," तर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी विषय बदलला.

पावसाळा सरता सरता निखिलला हिंजवडीत नोकरी लागली. पगार तिकडच्या मानानं काहीच नव्हता. पेढे घेऊन आम्ही गेलो तर दारातच साडूंचा आवाज ऐकू आला, "त्या हिंजवडीच्या रस्त्यावर ट्रक फार असतात म्हणे! आणि कंपनीची बस, तिचे ब्रेक कोण तपासतं?" आत ताई डोळ्यांना पदर लावून रडत होत्या आणि रडता रडता हसत होत्या.

पहिल्या दिवशी बस सकाळी लवकर आमच्याच चौकात येणार होती. मी फिरायला निघालो तर साडू निखिलबरोबर उभे होते. छत्री, डबा, पाण्याची बाटली, सगळं साडूंच्या हातात. पोरगं संकोचून इकडंतिकडं बघत होतं. बस आली, त्यानं वस्तू घेतल्या, खिडकीतून हात केला आणि बस वळणावरून गेली. तरी साडू जागचे हलेनात. मी म्हटलं, "भाऊजी, चला, चहा घेऊ."

"थांबा जरा," ते म्हणाले. "काही विसरला असेल तर परत येईल."

बस केव्हाच दिसेनाशी झाली होती. मीही थांबलो त्यांच्याबरोबर.